कोठाराच्या दारावरच्या तारखा

भर उन्हाळ्यात एका रात्रीत पीक गोठवणाऱ्या थंडीला
आमच्याकडे वेगळं नाव आहे: हाल्ला.
ते मोठ्यानं घेत नाहीत,
जंगलात अस्वलाचं घेत नाहीत तसंच.

ताव्हेत्ती, माझा थोरला भाऊ,
तिच्या तारखा पेन्सिलीनं कोठाराच्या दारावर लिहायचा.
सतरा ऑगस्ट, सगळी राय गेली.
चोवीस ऑगस्ट, दलदलीकडची तेवढी गेली.
एका वर्षापुढे नुसताच आडवा दांडा.
त्या वर्षी आई गेली होती.

दूधसंघाच्या सभेत तो बोलायला उठला,
कारण बाकीचे सगळे
मांडीवरच्या टोप्या न्याहाळत बसले होते.
एवढंच झालं. एवढ्यावरून लोक मतं देऊ लागले.

हेलसिंकीला निघाला तेव्हा
अंगात बाबांचा लग्नातला कोट,
बाह्या चार बोटं आखूड.
मी म्हटलं, हसतील.
म्हणाला, हसू देत हिल्मा, हात तरी दिसतील.

दारावरचं अक्षर तिथून पुढे माझं आहे.

तिथे तो फारसा बोलत नसे.
वर्तमानपत्रात त्याचं नाव मागच्या पानावर यायचं,
डुकरांच्या बाजारभावाच्या जरासं वर.
मी दोन्ही वाचायची.
आधी भाव.

मग लढाई आली, संपली, सरहद्द सरकली.
गेलेल्या मुलखातून माणसं आली,
गाईंसकट, घड्याळांसकट,
दाराच्या किल्ल्या अजून खिशात.
ज्याच्याकडे जमीन आहे त्यानं वाटून द्यावी, असा कायदा झाला.
ताव्हेत्ती तोवर मंत्री होता.
पहिला नकाशा त्यानं आमच्याच गावाचा मागवला,
पट्टी ठेवली
आणि ओढ्यापासून सौनाच्या झोपडीपर्यंत रेघ मारली.
आजोबांनी दलदल उपसून काढलेलं शेत,
ज्यात त्यांची पाठ गेली, पाठोपाठ बाबांचीही.

मी तार केली: दगड दे त्यांना, माती का?

उत्तर आलं नाही. तो आला.
अंगणात बूट काढले, फावडं उचललं,
हद्दीचा चर स्वतः खणला. तीन दिवस.
मी त्याला कॉफी विचारली नाही.
कॉफी कसली, तेव्हा भाजलेल्या रायचं काळं पाणी,
पण तेही नाही.
चौथ्या दिवशी तो गाडीत बसला तेव्हा
त्याच्या तळहातांवर फोड होते.
मंत्र्याचे हात, मी मनात म्हटलं,
आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पलीकडे पालागा नावाची बाई राहायला आली.
तीन मुलं, एक गाय, एक काळवंडलेली तसबीर.
दोन वर्षं चराच्या दोन काठांवर
आम्ही दोन देशांसारख्या राहिलो.

मग ऑगस्टातली ती रात्र. दार वाजलं.
हाल्ला, ती म्हणाली,
चक्क नाव घेऊन, मोठ्यानं.
ओल्या शेवाळाच्या धुन्या पेटवल्या आम्ही,
कडेकडेनं, खोकत, न बोलता,
तिची थोरली पोर घोंगडीनं धूर खाली दाबत होती.
उजाडलं तेव्हा माझी अर्धी राय उभी होती.
तिची सगळी गेली.

शरदात मी तिच्या ओसरीवर एक पोतं ठेवलं.
ती म्हणाली, तुमचे साहेब छावणीत आले होते.
कागदावर बोट ठेवून म्हणाले,
जमीन वाईट आहे, बाई, खोटं सांगत नाही.
पण शेजारीण झोपत नाही.

तो गेला तेव्हा झेंडे अर्ध्यावर आले.
वर्तमानपत्रानं त्याला पहिल्या पानावर घेतलं,
राष्ट्राचा आधारस्तंभ वगैरे,
फोटोत कोट मापाचा, हात दिसत नाहीत.
मी पेन्सिल घेऊन दारापाशी गेले
आणि काही न लिहिता परत आले.
ते दार गोठणीच्या तारखांचं आहे.

त्या रात्री दोनदा उठून खिडकीबाहेरचा पारा पाहिला.
शून्याच्या वर दोन अंश.
पालागाकडेही दिवा होता.